शिट्टी न देणारा कुकर

आपल्याकडे गृहिणींचे घड्याळ म्हणजे कुकरची शिट्टी. वरणाला तीन, हरभऱ्याला सहा, हे गणित आईकडून लेकीकडे आलेले. हल्ली पुण्या-मुंबईला नोकरीस असलेली मुले गावी येताना विजेवरचा मल्टिकुकर घेऊन येतात. या भांड्याला शिट्टी नाही, बटणे आहेत. कोणते बटण कशासाठी, हे सांगणारी इंग्रजी पुस्तिका बहुधा खोक्यातच राहते. म्हणून पोटाशी संबंध असलेल्या बटणांविषयी लिहितो.

बटणावर भात, डाळ, सूप काहीही लिहिलेले असो, आत ठरते ते एवढेच की उष्णता किती आणि किती वेळ. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. गॅसवरच्या कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते. विजेच्या बहुतेक भांड्यांत दाब थोडा कमी असतो, त्यामुळे मिनिटे थोडी जास्त लागतात आणि ती दाब धरल्यावर मोजायची असतात. बोअरच्या जड पाण्यात डाळीचा दाणा टणक राहिला तर पाच मिनिटे वाढवावीत, सोडा टाकू नये. सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते, शिवाय रक्तदाबाच्या रुग्णाच्या पोटात नको तितके सोडियम जाते.

'स्लो कुक' म्हणजे मंद शिजवण्याचे बटण मात्र जपून वापरावे. राजम्यात, म्हणजे आपल्या लाल घेवड्यात, एक नैसर्गिक विषारी द्रव्य असते. ते खळखळ उकळल्यानेच नष्ट होते. मंद आचेवर आतील उष्णता ८० अंशांभोवतीच घुटमळली तर दाणा मऊ होतो, पण विष कायम राहते, उलट कच्च्या दाण्यापेक्षाही ते अधिक बाधते. चार-पाच दाण्यांनीही एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या सुरू होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात दाबाच्याच बटणावर शिजवावा.

दह्याचे बटण सुमारे ४० अंशांवर चालते. विरजणातल्या जंतूंना ही ऊब मानवते, तशी ती रोगजंतूंनाही मानवते. त्यावर वरण-भाजी कोमट करीत ठेवू नये.

मला सर्वांत काळजी वाटते ती 'कीप वॉर्म'ची, म्हणजे अन्न गरम ठेवण्याच्या बटणाची. ६० अंशांच्या वर अन्न राहिले तर जंतू वाढत नाहीत, तेथवर हे बटण उत्तम. पण लाईट गेल्यावर काय? परळीला वीज तयार होते म्हणून आपल्या जिल्ह्यात लाईट जात नाही, असे कोणी म्हणणार नाही! रात्री दहाला लाईट गेली, पहाटे चारला आली. काही भांडी आपोआप पुन्हा सुरू होतात. सकाळी भात गरम, दिवा लागलेला; मधल्या सहा तासांचा मागमूस नाही.

भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असू शकतो. त्याची बीजे उकळण्यालाही दाद देत नाहीत. भात कोमट होऊन पडला की ती रुजतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा तापवून जात नाही. म्हणजे अशा भाताला कितीही कडक फोडणी दिली तरी उपयोग नाही. दवाखान्यात उलट्यांचा रुग्ण आला की मी 'काल काय खाल्ले' एवढ्यावर थांबत नाही. भात कधी शिजवला, रात्रभर कशात होता, हेही विचारतो. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे. उरलेला भात पसरट ताटात निववून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर बेताचाच रांधावा.

उशिरा सुरू होण्याची वेळ लावून ठेवण्याची सोय असते, तिच्यावर मटण किंवा दूध कधीच ठेवू नये. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात भिजलेली डाळसुद्धा आंबते.

एवढे करूनही उलट्या-जुलाब झालेच, तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोट-घोट पाजावे. लहान मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.