काडतुसाचा आकडा आणि काडतुसाचे सामर्थ्य

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या ज्या तळोद्यात जुन्या मेवासी संस्थानांचे नाव वनविभागाच्या दफ्तरी अद्याप नांदत आहे आणि ज्याच्या आसमंतात भिल्लांचा तीरकामठा पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिला, तेथे शस्त्राविषयी कुतूहल असणे स्वाभाविकच होय; परंतु .३०३, .३१५ आणि .३०-०६ ही रायफलींची नावे एका दमात उच्चारली गेली म्हणजे त्यांच्या सादृश्यातून जे ग्रह उत्पन्न होतात, त्यांतील काही केवळ अज्ञानमूलक तर काही प्राणघातक असल्यामुळे त्यांचे निरसन अगत्याचे आहे.

गैरसमज : आकडा जितका मोठा, तितके काडतूस जबर.
वस्तुस्थिती : हा आकडा नळीच्या व्यासाचा, इंचात सांगितलेला, निर्देश आहे, सामर्थ्य ठरते ते गोळीचे वजन आणि तिचा वेग यांवरून. .३१५ ची गोळी सुमारे १६ ग्रॅमची, जड पण मंद; .३०३ ची सुमारे ११ ग्रॅमची, परंतु सेकंदाला सुमारे ७४० मीटर धावणारी, आणि .३०-०६, जिचा आकडा तिघींत लहान, तीच ऊर्जेने सर्वांत वरचढ. तिच्या नावातील ‘०६’ तर मापाचा नव्हेच. तो १९०६ या सालाचा आहे.

गैरसमज : .३१५ म्हणजे .३०३ चीच दुबळी, मुलकी आवृत्ती.
वस्तुस्थिती : तिचे मूळ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेतील ८ मिलिमीटरच्या मॅनलिखर काडतुसात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, फौजेचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल या भीतीने इंग्रज सरकारने .३०३ खासगी व्यक्तींना मना केली, आणि ती उणीव भरून काढण्यास .३१५ पुढे आली. सरकार बदलले, तरी .३०३ सामान्य परवानाधारकास आजही वर्ज्यच आहे; .३१५ ची काडतुसे मात्र आपल्या खडकीच्या कारखान्यात तयार होत आली आहेत.

गैरसमज : मापे इतकी जवळची, तेव्हा एकीचे काडतूस दुसरीत चालून जाईल.
वस्तुस्थिती : .३०३ च्या काडतुसाचे पितळी कवच सुमारे ५६ मिलिमीटर लांब, .३१५ चे ५०, तर .३०-०६ चे ६३. गोळ्यांचे व्यासही निरनिराळे. दारू पेटताच उसळणारा प्रचंड दाब रायफलीच्या ज्या कोठडीने तोलावयाचा, तिच्यात परके काडतूस घातल्यास पितळ फाटून खुद्द नेमबाजाचाच घात होऊ शकतो. बाण कामठ्याला साजेसा असावा लागतो हे जाणणाऱ्या मुलखाला याहून अधिक सांगणे नलगे. रायफलीच्या नळीवर जे नाव कोरलेले असेल, तेच काडतूस घालावे.

गैरसमज : अचूक नेमाला मोठे काडतूस हवे.
वस्तुस्थिती : २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे, या दोघांनीही यश मिळवले ते ५० मीटरच्या रायफल प्रकारात, म्हणजे अवघ्या अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाच्या गोळीच्या .२२ काडतुसाने, आणि तेथे दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. अल्प धक्का, समान प्रतीची काडतुसे आणि स्थिर श्वास हेच नेमाचे खरे भांडवल.

गैरसमज : परवाना मिळाला की शिकारीची मुभा मिळाली.
वस्तुस्थिती : १९५९ च्या शस्त्र कायद्याचा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, प्राणी मारण्याचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याने शिकार करण्याची जी वाट आरंभी उरली होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. उसात शिरलेला बिबट्या माणसांच्या जिवावर उठला, तरी त्यास मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकानेच द्यावयाचा, तोही त्याला पकडणे किंवा बेशुद्ध करणे अशक्य ठरल्यावर. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या प्राणरक्षणार्थ सद्‌हेतूने केलेली कृती एवढाच काय तो अपवाद.

म्हणून या काडतुसांची तुलना करताना ‘सर्वांत जबर कोणते’ हा प्रश्न गौण मानावा. आपल्या नळीस कोणते योग्य, आपल्या हेतूस किती पुरेसे आणि कायद्यास काय मान्य, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने प्रथम मिळवली, त्याच्याच हाती शस्त्र निर्धोक राहते.