सहावी गोळी

अझिथ्रोमायसिन ५००चं पाकीट पुष्कळदा तीन गोळ्यांचं येतं. कोविडच्या दोन वर्षांत डॉक्टर ती गोळी रोज एक, पाच दिवस अशी लिहून द्यायचे. म्हणजे दोन पाकिटं घ्यावी लागायची आणि एक गोळी उरायची. सिरसाळ्यात माझं मेडिकल आहे. ती उरलेली सहावी गोळी माझ्या हातून किती घरांत गेली असेल, हा प्रश्न अजून माझा पिच्छा सोडत नाही.

एप्रिल २०२१मधली एक संध्याकाळ. शटर अर्धं खाली, काउंटरपुढे दोरी बांधलेली. वीटभट्टीवर कामाला जाणारा एक पोरगा दोरीपलीकडून मोबाईल पुढे धरून उभा राहिला. त्यावर एका चिठ्ठीचा फोटो होता. चिठ्ठी परळीची, नाव कुण्या चोपन्न वर्षांच्या बाईचं. अझी, डॉक्सी, आयव्हरमेक्टिन, झिंक, व्हिटॅमिन सी, डोलो.

"ही बाई तुझी कोण?"

"कोणी नाही भाऊ, ग्रुपवर आली चिठ्ठी. मायला ताप हाय, वास येईना तिला. हेच द्या समदं."

मी दिलं. आदल्या दिवशी हाच फोटो घेऊन दोघं येऊन गेले होते, त्यांनाही दिलं होतं. कुठं खाट मिळत नव्हती, लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी गावोगाव फिरत होते. माझ्या हातात देण्यासारखं तेवढंच होतं. पाकिटावर लाल उभी रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं नाही, असा त्या रेघेचा अर्थ. तो मला पाठ होता.

आपल्या बोलण्यात सगळे जंतू एकच. 'जंतू झालेत, अँटिबायोटिक द्या,' असं गिऱ्हाईक म्हणतं. पण जिवाणू वेगळे आणि विषाणू वेगळे. जिवाणू हा स्वतंत्र जीव आहे. त्याच्या पेशीत प्रथिनं बनवणारं स्वतःचं यंत्र असतं, ज्याला रायबोसोम म्हणतात. अझिथ्रोमायसिन त्याच यंत्रात जाऊन अडकतं, प्रथिनं बनणं थांबतं आणि जिवाणूची वाढ खुंटते. विषाणूकडे असं यंत्रच नसतं. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच यंत्रावर स्वतःच्या प्रती काढून घेतो. मग या गोळीनं अडवायचं कशाला? कोरोना हा विषाणू. त्या माउलीच्या तापावर डोलोचा उपयोग झाला असेल, अझीनं त्या विषाणूचं काही वाकडं केलं नाही.

मग डॉक्टर लिहीत का होते? त्यांना नुसता दोष देणं मला पटत नाही. १९१८च्या मानमोडीच्या साथीत फ्लूनं माणूस खिळखिळा व्हायचा आणि मागून जिवाणूंचा न्यूमोनिया येऊन त्याचा जीव घ्यायचा. त्या वेळी पेनिसिलिन नव्हतं, ते सापडलं १९२८ साली. ती भीती वैद्यकाच्या पुस्तकांत आहे आणि ती खरी आहे. त्यात मार्च २०२०मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसोबत अझिथ्रोमायसिन दिल्यावर विषाणू लवकर जातो, असा निबंध छापला. अभ्यासात रुग्ण होते ३६, आणि त्यांतल्या अझिथ्रोमायसिन मिळालेल्या सहा जणांच्या जोरावर जगभर चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. डिसेंबर २०२४मध्ये तो निबंध मागे घेतला गेला.

तोवर खरं उत्तर केव्हाच आलं होतं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत सात हजारांहून जास्त दाखल रुग्ण होते. काहींना नेहमीच्या उपचारांसोबत अझिथ्रोमायसिन दिलं, बाकीच्यांना दिलं नाही. २८ दिवसांत दोन्ही गटांत शंभरातले २२ दगावले. फरक काहीच नाही. हा निकाल फेब्रुवारी २०२१मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. माझ्या दुकानापुढे तो पोरगा उभा राहिला, त्याच्या दोन महिने आधी. मार्सेयचा निबंध आमच्यापर्यंत आठवड्यात पोचला होता, हा निकाल मात्र पोचला नाही.

देशाचा हिशेब कॅनडा आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडला. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात अँटिबायोटिकचे सुमारे २१ कोटी ६४ लाख डोस जादा विकले गेले. त्यांतले ३ कोटी ८० लाख एकट्या अझिथ्रोमायसिनचे. टाळेबंदीत लोक घरात होते, इतर साथी कमी होत्या, म्हणजे खप घटायला हवा होता. श्रीमंत देशांत तो घटलाही.

अँटिबायोटिकची गरज कोणालाच नव्हती, असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४मध्ये ६५ देशांची माहिती मांडली. दवाखान्यात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी जिवाणूंचा संसर्ग होता शंभरात आठांना, अँटिबायोटिक मिळालं पंचाहत्तरांना. आयसीएमआरनं २०२०मध्ये देशातल्या दहा रुग्णालयांतले साडेसतरा हजार रुग्ण तपासले. नंतर जिवाणू किंवा बुरशीचा संसर्ग झाला तो ३.६ टक्क्यांना, पण त्यांतले निम्म्याहून जास्त वाचले नाहीत. त्यांच्या अंगात सापडलेले बरेचसे जंतू मोठमोठ्या औषधांना दाद देत नव्हते.

ते असे का होतात, हे मी दुकानात समजावतो तेव्हा बोंडअळीचंच उदाहरण देतो. आमच्याकडे ते कोणाला दोनदा सांगावं लागत नाही. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी यायची. ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगतात आणि बीटी झाडातलं विष पचवणाऱ्या एखाददुसऱ्या अळीचा पतंग त्यांच्यात मिसळून तिचा गुण पातळ होतो. माझ्या वडलांनी ती पुडी कधी लावली नाही. सगळं रान बीटी. २०१७ साली बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. विषानं साध्या अळ्या मारल्या आणि विष पचवणारीला रान मोकळं करून दिलं. आपल्या आतड्यातही कोट्यवधी जिवाणू असतात, बहुतेक निरुपद्रवी. कारण नसताना गोळी घेतली की त्यांतले साधे मरतात आणि गोळी पचवणारे उरतात. शिवाय जिवाणू हा गुण शेजाऱ्यालाही देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही.

आणि हे नुकसान दूरच्या आयसीयूपुरतं नाही. टायफॉईड आमच्या भागाला नवा नाही. त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन पूर्वीसारखं चालत नाही. तोंडानं घ्यायच्या गोळ्यांत जी मोजकी औषधं अजून भरवशाची आहेत, त्यांत अझिथ्रोमायसिन आहे. लेकराला खरंच टायफॉईड होईल तेव्हा हीच गोळी लागणार आहे, आणि तीच आपण सर्दीवर उधळतो आहोत.

साथ ओसरली, सवय राहिली. आजही पावसाळ्यात घसा धरला की माणूस येतो आणि चिठ्ठीविना मागतो, "ती तीन गोळ्यांची द्या." आता मी देत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगतो, तापावर पॅरासिटामॉल देतो. ताप तीन दिवसांत उतरला नाही, उतरून पुन्हा चढला किंवा दम लागला, तर डॉक्टर गाठायला सांगतो. काही गिऱ्हाइकं रागावून पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत.

तुमच्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक असेल तर डॉक्टरांना विचारा, "हे कोणत्या जंतूसाठी?" विचारण्यात त्यांचा अपमान नाही. आणि आज घरी गेलात की औषधांचा डबा उघडून बघा. त्यात सहावी गोळी असेल तर ती कोणाला देऊ नका, नाल्यात टाकू नका. दुकानात आणून द्या. मी काउंटरखाली त्यासाठी एक खोकं ठेवलं आहे.