सूक्ष्म कर्जाची परीक्षा

गरिबाच्या हाती लहानसे कर्ज दिले की दारिद्र्य हटते, ही समजूत जगभर रूढ झाली होती. तिची कसोटी पाहणारे सहा देशांतील अभ्यास ‘अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल : अप्लाइड इकॉनॉमिक्स’ या त्रैमासिकाच्या जानेवारी २०१५ च्या अंकात एकत्र प्रसिद्ध झाले. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे हे त्रैमासिक २००९ पासून निघते.

यांपैकी हैदराबादचा अभ्यास आपणांस विशेष जवळचा. तेथील १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून एका वित्तसंस्थेने ६ ते १० स्त्रियांच्या गटांना कर्जे दिली. (बचत गटाशी याची गल्लत होऊ नये, येथे पैसा संस्थेचा होता, सभासदांच्या बचतीचा नव्हे.) पहिले कर्ज १०,००० रुपयांचे, फेड ५० साप्ताहिक हप्त्यांत. आधीपासून चालू असलेल्या धंद्यांतील गुंतवणूक व नफा वाढला, टिकाऊ वस्तूंची खरेदीही वाढली. परंतु एकंदर घरखर्चात लक्षणीय वाढ झाली नाही. आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचे स्थान यांतही विशेष फरक आढळला नाही. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया व मोरोक्को येथेही लाभ माफकच दिसला. कायापालट कोठेच नाही.

अशा निष्कर्षांवर शासकीय धोरणे बेतली जातात. म्हणून त्यांमागील आकडेमोड तपासली जाणे अगत्याचे. असोसिएशनने त्यासाठी स्वतंत्र संपादक नेमला आणि जुलै २०१९ पासून लेख स्वीकारण्यापूर्वीच आकडेवारी व संगणकीय आज्ञावली यांची पडताळणी होऊ लागली. पूर्वी ही सामग्री केवळ दाखल करून घेतली जाई. ती कोणी उघडून पाहीलच, अशी खात्री नसे.