पाच तासांचा वाद : ‘द ऑर्डर : १८८६’ आणि खेळाडूंचे पहिले मत

सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलसाठी २० फेब्रुवारी २०१५ रोजी ‘द ऑर्डर : १८८६’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला, तेव्हा पुष्कळ खेळाडूंचे त्याच्याविषयीचे मत तो हातात येण्यापूर्वीच ठरून गेले होते. प्रकाशनाच्या काही दिवस आधी कुणीतरी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून त्याचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकले, ते सुमारे पाच तासांत संपत होते, आणि अमेरिकेत ६० डॉलरना विकला जाणारा, जवळपास दोन वर्षे गाजावाजा झालेला हा खेळ ‘पाच तासांचा’ आहे अशी बोलवा त्याच्या आधीच दुकानांत पोहोचली. पुढे ज्यांनी तो प्रत्यक्ष खेळला त्यांपैकी अनेकांना सहा ते आठ तास लागले. पण तोवर चर्चेचा विषय पक्का झाला होता. हा विषयच मुळात चुकीचा निवडला गेला, असे आज त्या काळातील मतांकडे पाहताना म्हणावेसे वाटते, कारण खेळाडूंची खरी तक्रार तासांविषयी नव्हती, ती नियंत्रणाविषयी होती. मात्र नियंत्रण मोजून दाखवता येत नाही आणि तास मोजता येतात, म्हणून वाद तासांवर येऊन थांबला.

या खेळाचे स्वरूप समजण्यासाठी दोन कल्पना आधी स्पष्ट असाव्या लागतात. ज्या खेळात खेळाडूला एका प्रसंगाकडून दुसऱ्या प्रसंगाकडे ठरलेल्या क्रमानेच जावे लागते, वाटेत फाटे नसतात आणि कथेचा शेवटही एकच असतो, त्याला रेषीय खेळ म्हणतात. याउलट ज्यात एखादे शहर किंवा मुलूख खुला सोडून दिलेला असतो आणि कुठे जायचे, काय आधी करायचे हे खेळाडू ठरवतो, तो मुक्त जगाचा खेळ. २०१३ साली आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ने आणि मे २०१५ मध्ये आलेल्या ‘द विचर ३’ने या दुसऱ्या प्रकाराला जी लोकप्रियता मिळवून दिली, तिच्यामुळे शेकडो तास पुरणारा खेळ म्हणजेच पैसे वसूल करणारा खेळ अशी एक धारणा त्या सुमारास बळावत होती. ‘द ऑर्डर’ नेमका तिच्या उलट दिशेने निघालेला, चित्रपटासारखा दिसण्याची प्रतिज्ञा उघडपणे केलेला रेषीय खेळ होता.

तो घडवणारा रेडी ॲट डॉन हा कॅलिफोर्नियातील स्टुडिओ २००३ साली स्थापन झाला आणि त्याचे नाव झाले ते खिशात मावणाऱ्या प्लेस्टेशन पोर्टेबल या यंत्रावरील ‘डॅक्स्टर’ आणि ‘गॉड ऑफ वॉर’ मालिकेतील दोन खेळांमुळे. छोट्या पडद्यावर मोठ्या यंत्राचा भास निर्माण करणारी ही मंडळी आता खरोखरच्या मोठ्या यंत्राकडे वळली होती. जून २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या प्रदर्शनात खेळाची पहिली झलक दाखवली गेली, तेव्हा प्लेस्टेशन ४ बाजारात यायला अजून काही महिने होते. साहजिकच नव्या यंत्रात किती दम आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी लोकांनी या खेळावर टाकली.

ती जबाबदारी त्याने पार पाडली, हे त्याच्या कठोर टीकाकारांनीही नाकारले नाही. कथा घडते ती एका कल्पित १८८६ सालच्या लंडनमध्ये. राजा आर्थरच्या गोलमेजाचे सरदार तिथे अजून अस्तित्वात आहेत, ‘ब्लॅकवॉटर’ नावाच्या द्रवामुळे ते शतकानुशतके जगतात, अर्धे मानव आणि अर्धे पशू असलेल्या लायकन या जमातीशी लढतात, आणि निकोला टेस्ला त्यांच्यासाठी शस्त्रे बनवतो. खेळाडू ज्याच्या रूपाने वावरतो तो सर गॅलाहॅड. व्हाइटचॅपलच्या ओल्या फरसबंदीवर पडलेला दिव्याचा उजेड, लोकरी कोटाची वीण, पितळी बटणांची झीज, मिशांच्या केसाकेसातून दिसणारे पाणी हे सारे इतक्या बारकाईने घडवलेले आहे की अकरा वर्षांनंतरही ते जुने वाटत नाही. टेबलावरचे छायाचित्र किंवा वर्तमानपत्र उचलून हातात घेता येते, फिरवून त्याची मागची बाजू पाहता येते. आणि सुरुवातीच्या अनेक खेळाडूंना या साध्या कृतीने जे समाधान दिले ते मोठ्या चकमकींनी दिले नाही.

दृश्याची ही श्रीमंती मिळवण्यासाठी केलेल्या दोन निवडींवर मात्र आधीपासूनच वाद झडले. पहिली निवड चौकटीची. त्या काळच्या नेहमीच्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा असे; या खेळाचे चित्र १९२० गुणिले ८०० बिंदूंत काढले जाते आणि उरलेल्या जागी वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात, म्हणजे रुंद पडद्याच्या चित्रपटाचे प्रमाण तंतोतंत साधले जाते. हिशेब केला तर यंत्राला सुमारे २६ टक्के बिंदू कमी रंगवावे लागतात, आणि वाचलेले बळ कडांवरील दातेरीपणा घालवण्यासाठी, प्रकाशासाठी वापरता येते. स्टुडिओचे म्हणणे असे की ही कलात्मक निवड आहे. टीकाकारांचे म्हणणे असे की ही तांत्रिक काटकसर आहे आणि तिला कलेचे नाव दिले आहे. वस्तुतः दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. अधिक महत्त्वाचा प्रश्न वेगळाच होता : प्रेक्षकाला चौकटीत काय ठेवायचे हे दिग्दर्शक ठरवतो, पण खेळाडूला वरच्या खिडकीतून गोळी झाडणारा शत्रू स्वतः शोधायचा असतो, आणि उंचीला कापलेली चौकट त्याची नजर तेवढीच कापते.

दुसरी निवड वेगाची. या खेळात पडद्यावरचे चित्र सेकंदाला ३० वेळा बदलते, तर झटपट हालचालीच्या खेळांत ६० वेळा बदलणे उत्तम मानले जाते. खेळाचे दिग्दर्शक डेना जॅन यांनी ३० या आकड्याचे समर्थन करताना चित्रपटाच्या २४ चित्रांशी असलेल्या जवळिकीचा आधार घेतला, आणि त्यावर बरीच टीका झाली. टीकेत तथ्य होते. चित्र ३० वेळा बदलत असेल तर दोन चित्रांत सुमारे ३३ सहस्रांश सेकंद जातात, ६० वेळा बदलत असेल तर त्याच्या निम्मे. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा अवधी या फरकाने वाढतो. चित्रपट पाहणाऱ्याला पडद्याला उत्तर द्यायचे नसते, म्हणून त्याला तो अवधी जाणवण्याचे कारणच नसते. खेळणाऱ्याला मात्र बोटांनी उत्तर द्यायचे असते, आणि म्हणूनच चित्रपटाकडून काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विवेक या जागी सुटला असे म्हणणे भाग आहे.

नियंत्रणाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. खेळाच्या मध्येच, खेळाडूच्या हातून सूत्रे काढून घेऊन, पात्रांचे संभाषण किंवा घटना चित्रपटासारखी दाखवणाऱ्या भागाला कटसीन म्हणतात. अनेक जुन्या खेळांत हे भाग वेगळे चित्रित करून जोडलेले असत आणि ते सुरू झाल्याचे पाहताक्षणी कळे. ‘द ऑर्डर’मध्ये कटसीन आणि प्रत्यक्ष खेळ एकाच दर्जाच्या चित्रात, विनाखंड एकमेकांत मिसळतात. तंत्र म्हणून हे यश मोठेच होते. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की दृश्य केव्हा संपले आणि सूत्रे केव्हा परत मिळाली हे खेळाडूला कळेनासे झाले. गॅलाहॅड उभा राहतो, खेळाडूही वाट पाहत राहतो, आणि मग लक्षात येते की आता आपणच चालायचे आहे. चालायचे म्हणजे तरी काय, तर कॉरिडॉरमधून सोबत्यांच्या मागे हळू पावलांनी, कारण संभाषण पूर्ण होईपर्यंत धावण्याची परवानगीच नसते.

याला जोड मिळाली ती ‘क्विक टाइम इव्हेंट’ या पद्धतीची, म्हणजे पडद्यावर एखाद्या बटणाचे चिन्ह चमकते आणि ते ठरावीक क्षणात दाबले तरच पुढचे दृश्य नीट पार पडते. १९९९ साली सेगा कंपनीच्या ‘शेनमू’मुळे हे नाव रूढ झाले असले तरी कल्पना जुनी आहे, १९८३ साली डॉन ब्लूथ यांच्या हाताने रेखाटलेल्या ॲनिमेशनवर उभा असलेला ‘ड्रॅगन्स लेअर’ हा आर्केडमधील खेळ जवळजवळ संपूर्णपणे याच तत्त्वावर चालत असे. दृश्यावर डोळे खिळावेत आणि हातालाही काही काम असावे, ही गरज तेव्हाही होती. ‘द ऑर्डर’मध्ये लायकनशी होणारी चाकूची झुंज अशाच रीतीने खेळवली जाते, आणि शेवटाकडे सर्वांत महत्त्वाच्या क्षणी जवळजवळ तीच झुंज, त्याच हालचालींसह, पुन्हा समोर येते. पहिल्या वेळी तिने दिलेला थरार दुसऱ्या वेळी उरत नाही, हे ज्यांनी ज्यांनी खेळ संपवला त्यांच्यापैकी बहुतेकांनी नोंदवले, आणि ही तक्रार खेळ बारा तासांचा असता तरी तशीच राहिली असती.

उलट बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवी. खेळात थर्माइट रायफल नावाचे एक शस्त्र आहे. तिचा एक चाप दाबला की शत्रूच्या आडोशाभोवती ज्वालाग्राही धातूच्या भुकटीचा ढग साचतो. तो नुसता साचलेला असताना काहीच होत नाही, मग दुसरे बटण दाबून जळता गोळा सोडला की सारा ढग एकदम पेटतो आणि भिंतीआड दडलेलाही वाचत नाही. येथे खेळाडूला प्रत्येक वेळी नवा निर्णय घ्यावा लागतो : ढग किती दाट होऊ द्यायचा, तोवर गोळ्या किती झेलायच्या, भुकटी वाया घालवायची की जपायची. टेस्लाच्या प्रयोगशाळेतून आलेली विजेची बंदूकही अशीच समाधान देते. पण ही शस्त्रे फार थोड्या प्रसंगांत हाती लागतात आणि काम झाले की काढून घेतली जातात. बाकीच्या वेळी नेहमीच्या बंदुका, नेहमीचे आडोसे आणि एकामागून एक येणारे शत्रू एवढेच उरते. सुरुवातीच्या मतांमध्ये ‘शस्त्रे उत्तम, पण वापरायला मिळत नाहीत’ हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते, आणि ‘खेळ छोटा आहे’ या वाक्यापेक्षा ते कितीतरी नेमके आहे.

कारण निव्वळ छोटेपणा हा दोष असता तर २००७ चा ‘पोर्टल’ आणि २०१२ चा ‘जर्नी’ हे खेळ इतक्या प्रेमाने आठवले गेले नसते. ‘पोर्टल’ तीन-चार तासांत संपतो, ‘जर्नी’ दोनेक तासांत. ते दोन्ही स्वस्त होते आणि ६० डॉलर मोजणाऱ्याची अपेक्षा वेगळी असणे न्याय्यच आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही ‘पोर्टल’मध्ये जवळपास प्रत्येक मिनिट खेळाडूच्या विचारातून जाते, ‘जर्नी’मध्ये वाळूवरून घसरण्याचा आनंद कुणी हिरावून घेत नाही, तर ‘द ऑर्डर’च्या पाच किंवा आठ तासांपैकी मोठा भाग खेळाडूने नुसता पाहायचा असतो. खेळ हातात येण्यापूर्वी ज्यांनी संपूर्ण चित्रीकरण पाहिले त्यांना फारसे काही चुकल्यासारखे वाटले नाही, ही गोष्ट त्या चित्रीकरणाच्या लांबीपेक्षा अधिक बोलकी होती.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या खेळातील एक पात्र विशेष लक्ष वेधून घेणारे आहे. लंडनमधील बंडखोरांची म्होरकी म्हणून जी स्त्री गॅलाहॅडच्या समोर येते ती लक्ष्मी, म्हणजे झाशीची राणी. मोरोपंत तांब्यांची कन्या आणि नेवाळकरांची सून असलेली ही राणी इतिहासात जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरपाशी लढताना पडली. खेळाच्या कल्पित इतिहासात ती अठ्ठावीस वर्षांनंतरही हयात आहे आणि शत्रूच्या राजधानीत येऊन त्याच्याशी झुंजते आहे. तिचा शत्रूही ओळखीचा आहे. प्रत्यक्षात ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य १८५८ मध्येच संपले आणि कंपनी १८७४ मध्ये विसर्जित झाली, पण खेळात ‘युनायटेड इंडिया कंपनी’ १८८६ मध्येही भरभराटीत आहे, तिच्या प्रमुखपदी लॉर्ड हेस्टिंग्ज आहे, आणि तिच्या जहाजांतून व्हॅम्पायर पेट्यांत भरून समुद्रापार पाठवले जात आहेत. रक्त शोषणारी कंपनी ही कल्पना येथे शब्दशः घेतली आहे, आणि साम्राज्याच्या रक्षकांनाच आपण कुणाचे रक्षण करतो आहोत हे ओळखायला लावणारी व्यक्ती झाशीची राणी असावी, यात कथाकारांची समज दिसते.

इतके असूनही तिच्या वाट्याला जागा थोडी आली. ती गॅलाहॅडला सत्य दाखवते, तिची सोबतीण देवी त्याच्यासोबत काही अंतर चालते, पण राणीच्या रूपाने खेळण्याची संधी एकदाही मिळत नाही, तिच्या मागील तीन दशकांविषयी काही कळत नाही, आणि कथा संपते तेव्हा हेस्टिंग्ज मोकळाच असतो. शेवट पुढच्या भागासाठी राखून ठेवला आहे हे उघड दिसत होते, आणि पहिल्या आठवड्यात खेळ संपवणाऱ्यांच्या नाराजीचा एक मोठा हिस्सा या अर्धवटपणातून आला होता. इतके सुंदर जग उभारून त्याच्या उंबरठ्यावरूनच परत पाठवले जाणे त्यांना सहन झाले नाही. ज्यांना जग आवडलेच नाही ते असे चिडत नाहीत, हे ध्यानात घेतले तर त्या नाराजीतही एक प्रकारची दाद होती.

समीक्षकांची सरासरी शंभरपैकी साठीच्या घरात थांबली, आणि दुसरा भाग कधीच आला नाही. पुढील वर्षांत किंमत उतरल्यावर ज्यांनी तो विकत घेतला त्यांची मते पहिल्या खेळाडूंपेक्षा बरीच सौम्य आढळतात, आणि दोन संध्याकाळींत संपणारा खेळ त्यांना गैरसोयीचा न वाटता सोयीचा वाटतो. मात्र हळू चालण्याविषयी, दोनदा येणाऱ्या झुंजीविषयी आणि क्वचितच हाती येणाऱ्या थर्माइट रायफलीविषयी तेही तेच बोलतात. रेडी ॲट डॉन २०२० साली फेसबुकने विकत घेतला, त्यानंतर त्याचे लक्ष आभासी वास्तवाच्या खेळांकडे राहिले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो बंद करण्यात आला. लंडनमध्ये लक्ष्मीचे पुढे काय झाले, हे सांगू शकणारा स्टुडिओ आता उरलेला नाही.