झेंडू तिकडचा, मिरचीही तिकडचीच

दसऱ्याला दाराला ज्याचं तोरण बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. मिरची तिकडची, चिकूही तिकडचा. म्हणजे मेक्सिको आपल्या उंबऱ्यावर आणि फोडणीत कधीचंच येऊन बसलंय. तरी सहलीला निघालेल्या आपल्या माणसाच्या डोक्यात जे मेक्सिको असतं, ते हॉलिवूडच्या सिनेमातून आणि मॉलमधल्या फूड कोर्टातून आलेलं असतं. बरेचसे गैरसमज तिथेच रुजतात.

त्यातला सर्वांत मोठा गैरसमज मृतांच्या दिवसाबद्दल, ‘दिया दे मुएर्तोस’बद्दल. कवट्या, सांगाडे, रंगवलेले चेहरे पाहून लोक त्याला तिथलं हॅलोविन समजतात. प्रत्यक्षात तो आपल्या सर्वपित्रीच्या जवळचा आहे. गेलेली लहान मुलं १ नोव्हेंबरला घरी येतात आणि २ तारखेला मोठी माणसं, अशी श्रद्धा. घरात ‘ओफ्रेंदा’ मांडतात: गेलेल्याचा फोटो, पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा धूप आणि त्याला जे आवडायचं ते. आजोबांना बिअर आवडत असेल तर बिअरसुद्धा. आपणही पानात गेलेल्याच्या आवडीचं वाढतोच की. आत्म्याला वाट सापडावी म्हणून दारापासून ओफ्रेंदापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात. रंग आणि वास त्याला घरी आणतात. ओआहाकात किंवा पात्स्कुआरो तळ्याकाठच्या गावांत लोक रात्री दफनभूमीत बसतात, थडगी सजवतात, जेवतात, गातात. तुम्ही तिथे जाऊ शकता, पण ती कुणाच्या तरी आईची कबर आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

मेक्सिको सिटीतल्या भव्य मिरवणुकीसाठी तिकिटं काढणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. ती परंपरा २०१६ची आहे. २०१५च्या जेम्स बाँडपटात, ‘स्पेक्टर’मध्ये, सुरुवातीला अशी मिरवणूक दाखवली होती, ती तेव्हा शहरात निघतच नव्हती. सिनेमा गाजला, आणि पुढच्या वर्षी शहराने खरोखरच मिरवणूक काढली. देखणी असते, जरूर बघा. फक्त तिला प्राचीन म्हणू नका. टोपीवाली सांगाडाबाई, ‘कात्रिना’, हीही देवी नव्हे. होसे ग्वादालूपे पोसादा या छापचित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपी थाटाची नक्कल करणाऱ्यांची टिंगल म्हणून ती काढली.

आता पोटाकडे वळू. कडक कवचाचा टाको, वर पिवळं चीज, हा पदार्थ अमेरिकेतला. मेक्सिकोतला टाको मऊ तोर्तियाचा, आणि त्या तोर्तियामागे खरी विद्या आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, साल धुऊन काढतात, मग दळतात. याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे पीठ मळता येण्याजोगं होतंच, शिवाय मक्यात अडकलेलं बी-३ जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, ही रीत मात्र नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत या जीवनसत्त्वाअभावी पेलाग्राचा रोग पसरला. मेक्सिकोच्या पाकपरंपरेला २०१०मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली, ती उगाच नाही.

शाकाहाऱ्यांचा गैरसमज असा, की राजमा-भात-तोर्तिया म्हणजे आपली सोय झालीच. तिथे घेवडा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवतात. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको, असं सांगितलं तरी कोंबडी येऊ शकते, कारण बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गोमांसासारखं लाल मांस. म्हणून ‘सिन पोयो’ आणि ‘सिन मान्तेका’ही म्हणा: कोंबडी नको, चरबी नको. मग भोपळ्याच्या फुलांची केसादिया किंवा निवडुंगाची भाजी मागवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मेक्सिको दक्षिण नव्हे, उत्तर अमेरिकेत आहे. ते सगळं वाळवंटही नाही. मेक्सिको सिटी सुमारे २,२४० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ ६०० मीटर उंच. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका, आणि स्वेटर न्या. ५ मे हा त्यांचा स्वातंत्र्यदिन नव्हे, तो १८६२ला प्वेब्लात फ्रेंचांना हरवल्याचा दिवस. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर. कान्कूनही जुनं शहर नाही. १९७०च्या सुमारास सरकारने पर्यटनासाठी ते आखून वसवलं.

पिरॅमिड दिसला की ‘अॅझ्टेक’ म्हणून मोकळं होणं हीदेखील एक सवय. तेओतिवाकानचे पिरॅमिड अॅझ्टेकांनी बांधले नाहीत. ते आले तेव्हा ते शहर कित्येक शतकं ओस पडलेलं होतं. चिचेन इत्सा माया लोकांचं, तेही शेकडो किलोमीटर दूर युकातानमध्ये. आणि माया लोक ‘गूढरीत्या नाहीसे’ वगैरे झालेले नाहीत. काही नगरं ओस पडली, माणसं राहिली. आजही मेक्सिको आणि ग्वाटेमालात लाखो लोक माया भाषा बोलतात. चिचेन इत्सापाशी तुम्हाला लाकडी मुखवटा विकणारा बहुधा मायाच असेल.

मेक्सिकोचं आणि आपलं काही नातं नाही, असं वाटत असेल तर राजधानीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीतली दिएगो रिवेराची भित्तिचित्रं पाहा. गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे. १९२०च्या दशकात ते मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या नव्या वाणांवर काम करत राहिले. रिवेराशी त्यांची मैत्री होती. मंत्रालयाच्या भिंतींवरच्या एका चित्रात जेवणाच्या टेबलाभोवती माणसं जमली आहेत, आणि मधोमध बसून सगळ्यांसाठी भाकर मोडणारे आहेत ते खानखोजे.