गिअर अडला म्हणजे बॉक्सच गेला असं नाही

आज आम्ही बोलणार आहोत गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल. गाडी चालवतो नवरा, दीर नाहीतर पोरगा. दुरुस्त करतो मिस्त्री. मग बायांनी यात कशाला पडायचं, असं कुणाला वाटेल. पण दुरुस्तीचे पैसे कुठून येतात ते बघा. गटातली उचल आपल्या नावावर असते आणि गहाण पडतं ते आपल्याच अंगावरचं सोनं. पैसे आपण मोजायचे, तर ते कशाचे मोजतो हे आपल्याला कळायला नको का?

आम्ही भोकरदन तालुक्यातल्या, जत्रेत दुकान मांडणाऱ्या बाया. राजूरच्या गणपतीची अंगारकी, जाळीच्या देवाची यात्रा, होळीला सैलानी, असं आमचं वर्ष फिरतं. कुणी बांगड्या विकतं, कुणी खेळणी, कुणाची रसवंती. दहा-बारा वर्षं जुना टेम्पो हेच दुकान आणि रात्री तेच घर. वर ताडपत्री, आत सामानाच्या बाजूला लेकरांपुरती जागा, चाकाच्या आडोशाला चूल. परदेशात हौसेने फिरायला घरासारखी गाडी घेतात, तिला मोटरहोम म्हणतात. आपल्याकडे चाकावरचा संसार पोटासाठी असतो. म्हणून गिअर अडला की दुकान, घर आणि हंगाम तिन्ही एकदम थांबतात.

टेम्पो हा शब्द आला कुठून? ते जर्मनीतल्या एका गाडीचं नाव. त्या कंपनीच्या मदतीने पुण्याची बजाज टेम्पो कंपनी १९५८ साली सुरू झाली आणि पुढे कुणाचीही मालगाडी असो, लोक तिला टेम्पोच म्हणू लागले. २००५ साली कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण आपल्या तोंडी शब्द राहिला तो राहिलाच.

गिअरबॉक्स करतो काय?

रसवंतीचा चरक आठवा. मोटर भराभर फिरते, पण ऊस पिळणारे रूळ सावकाश फिरतात. मधे लहान दात्यांचं चाक मोठ्या दात्यांच्या चाकाला फिरवतं. वेग कमी होतो आणि जोर वाढतो. गाडीचा पहिला गिअर हेच करतो. भरलेली गाडी जागची हलवायला जोर लागतो, वेग नाही. गाडी पळू लागली की जोर कमी लागतो, मग वरचा गिअर टाकायचा.

इंजिनाचा जोर चाकापर्यंत साखळीसारखा जातो. आधी क्लच, मग गिअरबॉक्स, मग खालून जाणारा लांब शाफ्ट, त्याच्या टोकांना क्रॉस आणि शेवटी मागच्या धुरीतली हाऊसिंग. यातली कुठलीही कडी बिघडली तरी ड्रायव्हर म्हणतो, "गिअरचा प्रॉब्लेम आहे." इथेच पैशाचा घोळ होतो. क्लचचं काम वेगळं, बॉक्स उघडण्याचं काम वेगळं, आणि त्यांच्या खर्चात मोठा फरक असतो.

गाडी काय सांगते ते ऐका

पहिली खूण. इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, करकर वाजतो. मग इंजिन बंद करून गिअर टाकून बघा. बंद गाडीत सगळे गिअर अलगद पडत असतील, तर दोष बहुधा क्लचचा आहे. क्लच पूर्ण सुटत नाही. केबल सैल असेल, नाहीतर क्लचचं तेल गळून कमी झालं असेल. आमच्यातल्या एका टेम्पोला एका गॅरेजात सांगितलं होतं, पूर्ण बॉक्स बदला. दुसऱ्या मिस्त्रीने हीच परीक्षा केली आणि खाली वाकून बघितलं. क्लचचा खालचा सिलिंडर गळत होता. तेवढा बदलला आणि गाडी तशीच जत्रेला गेली.

दुसरी खूण. चढावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही आणि जळका वास येतो. ही क्लच प्लेट घसरतेय. खात्री करायची तर सपाट मोकळ्या जागी, पुढं-मागं कुणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. इंजिन बंद पडलं तर प्लेट पकडतेय. चालूच राहिलं तर प्लेट संपली. ही परीक्षा एकदाच करावी, सारखी केली तर चांगली प्लेटही जळते.

तिसरी खूण आवाजाची. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. क्लचवर पाय नसताना घरघर येते आणि पाय दाबताच थांबते, तर बॉक्समधल्या बेअरिंगकडे संशय जातो. उलट, पाय दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग बघायला सांगा. गाडी सुटताना खालून 'खट' वाजत असेल तर क्रॉस झिजलेला असू शकतो. तो बदलायला बॉक्स उघडावा लागत नाही.

चौथी खूण. एकच गिअर त्रास देतो. दुसरा टाकतानाच करकर होते, बाकीचे नीट पडतात. मग त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याची शक्यता जास्त. गिअर चालता चालता आपोआप सुटत असेल तर आतले दाते, फोर्क किंवा स्प्रिंग झिजलेली असते. कधी नुसतं इंजिन-बॉक्सचं रबरी फाउंडेशन तुटलेलं असतं. म्हणून ते आधी बघायला लावा. तेही ठीक असेल, तर मात्र बॉक्स उघडण्याला पर्याय नाही.

पाचवी खूण जमिनीवर. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. इंजिनाखाली डाग असेल तर इंजिन ऑईल. त्याच्या मागे, बॉक्सखाली दाट, उग्र वासाचं तेल असेल तर ते गिअर ऑईल. ते कमी झालं की बेअरिंग आणि दाते कोरडे घासतात. आज तेलाची सील बदलण्याचा खर्च टाळला, तर उद्या पूर्ण बॉक्सचा खर्च दारात येतो.

हे सगळं एका कागदावर लिहा. कोणत्या गिअरला, गाडी गार असताना की तापल्यावर, रिकामी की भरलेली, चढावर की उतारावर. मिस्त्रीपुढे "गिअर खराब झालाय" म्हणण्यापेक्षा हा कागद ठेवा. चांगल्या मिस्त्रीला तो आवडतो, त्याचा वेळ वाचतो.

गॅरेजात काय ठरवायचं

गाडी ओढून न्यायची असेल तर लक्षात ठेवा. मागची चाकं जमिनीवर फिरत राहिली की बॉक्सचा काही भाग फिरतो, पण इंजिन बंद असल्याने तेल सगळीकडे उडत नाही. लांब ओढायची असेल तर मधला शाफ्ट सोडून घ्यावा.

मग काम स्वस्तापासून महागाकडे न्यायला सांगा. आधी तेलाची पातळी, क्लचची केबल किंवा तेल, लिव्हरचे जोड, फाउंडेशन, क्रॉस. त्यानंतर क्लच. बॉक्स सगळ्यात शेवटी. बॉक्समधलं तेल काढताना आपलं माणूस समोर असू द्या. बोटाला राखाडी, बारीक लेप लागला तर ती वापराची झीज. लोखंडाचे तुकडे निघाले तर आतला भाग तुटला आहे.

बॉक्स उघडायचाच झाला तर उघडण्याची आणि परत बसवण्याची मजुरी आधी ठरवा. उघडल्यावर काय निघालं ते फोनवर बघून, भागांची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घेऊन, मगच पुढच्या कामाला हो म्हणा. जुने भाग परत मागा. बॉक्स खाली उतरलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगची झीज तेव्हाच बघा, नाहीतर तीच मजुरी दोनदा पडते. सेकंडहँड बॉक्स घेत असाल तर तो आपल्याच मॉडेलचा आहे ना ते पाहा आणि किती दिवसांत परत घेणार ते बिलावर लिहून घ्या.

बिल पक्कं घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा सेवेलाही लागू आहे. तक्रारीचं काय करावं ते राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर विचारता येतं. पण हातात बिल नसेल तर बोलणं पुढे सरकत नाही.

पैसे कुठून आणायचे

विम्याची आशा धरू नका. गाडीचा विमा अपघाताला असतो, झिजलेल्या गिअरला नसतो.

आता हिशोब करू. समजा २०,००० रुपये लागले. सावकाराकडून ५ रुपये शेकड्याने घेतले, तर महिन्याला १,००० रुपये व्याज. दहा महिन्यांत १०,००० दिले तरी मुद्दल २०,००० तसंच डोक्यावर. तेच पैसे गटातून २ रुपये शेकड्याने, दरमहा २,००० मुद्दल फेडत घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज ४००, दुसऱ्याचं ३६०, असं उतरत जातं. दहा महिन्यांत एकूण व्याज २,२०० आणि कर्ज संपलेलं. आणि सावकाराकडे जायचीच वेळ आली तर त्याचा परवाना विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही.

एका हप्त्याचं कर्ज फेडायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढू नका. त्यापेक्षा मिस्त्रीला विचारा, सुट्या भागांचे पैसे आता आणि मजुरी जत्रा झाल्यावर चालेल का. ओळखीचा मिस्त्री बऱ्याचदा तयार होतो, फक्त तारीख पाळायची.

आणि पैसे घालण्याआधी एक प्रश्न घरात सगळ्यांसमोर विचारा. या दुरुस्तीनंतर गाडी दोन हंगाम चालली तर खर्च निघतो का? त्यात टायर, विमा आणि फिटनेसही धरा. ८ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो. आज आहे तशी विकली तर काय येईल तेही बाजारात विचारा. आकडा जमत नसेल तर "बापाच्या काळची गाडी आहे" म्हणून तिच्यात सोनं ओतू नका.

राहता राहिली रोजची काळजी. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये. लिव्हरवर हाताचा भार ठेवू नये. अजिंठ्याच्या घाटासारख्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये, सगळा भार ब्रेकवर येतो आणि आत आपली लेकरं झोपलेली असतात. गिअर ऑईल कंपनीने सांगितलेलंच टाकावं. आणि चांगल्या जत्रेच्या गल्ल्यातून थोडे पैसे गाडीच्या नावाने वेगळ्या डब्यात टाकावेत. डब्यावर गाडीचा नंबर लिहा, म्हणजे त्यातून कुणी किराणा आणणार नाही.

पुढच्या अंगारकीआधी अजून वेळ आहे. आज रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका आणि सकाळी तुम्हीच उठून बघा.