छातीवरची जखम : आधी खोली, मग मलमपट्टी

दुचाकी घसरते, कुंपणाची काटेरी तार छातीवर ओरखडा काढते, गंजक्या पत्र्याची कड लागते. अशा बहुतेक जखमा कातडी आणि तिच्याखालची चरबी एवढ्यावरच थांबतात. तरीही छातीवरच्या जखमेकडे हाता-पायावरच्या जखमेसारखं पाहून चालत नाही. कातडी, चरबी, स्नायू, बरगड्या आणि लगेच फुप्फुसाचं आवरण. सडपातळ माणसात हे अंतर फार कमी असतं.

खोली रक्तावरून ओळखता येत नाही. वीतभर लांबीची भळभळती चीर वरवरची असू शकते आणि सुरीच्या टोकाने पडलेलं नखाएवढं छिद्र थेट फुप्फुसापर्यंत गेलेलं असू शकतं. फुप्फुसाभोवतीच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे भोक पडलं की हवा आत खेचली जाते आणि फुप्फुस आक्रसतं. धाप लागणं, श्वासाबरोबर जखमेतून बुडबुडे येणं, खोकल्यातून रक्त पडणं, जखमेच्या कडेची कातडी दाबल्यावर चरचर जाणवणं, यांतलं काहीही दिसलं तर १०८ला फोन करावा. रुतलेली वस्तू उपसू नये. बोट किंवा काडी घालून खोली तर मुळीच तपासू नये, कारण वरवरची जखम त्यानेच खोल होऊ शकते. स्तनाग्रांच्या पातळीखालचा वार पोटातही गेलेला असू शकतो, कारण पूर्ण उच्छ्वासात श्वासपटल जवळजवळ तिथवर वर येतं. भोसकल्याची जखम असेल तर रुग्णाला काहीही त्रास नसताना डॉक्टर काही तासांनी दुसरा एक्स-रे काढतात. कारण हवेची बारीक गळती उशिराही दिसते.

जखम वरवरचीच आहे हे ठरल्यावर काम सोपं होतं. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरावं, मध्ये उचलून पाहू नये. मग नळाच्या पिण्यायोग्य पाण्याने भरपूर धुवावं; साध्या जखमांसाठी ते सलाइनइतकंच चांगलं ठरलं आहे. हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट काहीही भरू नये. ती पूड नंतर डॉक्टरांना खरवडून काढावी लागते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटतं, पण त्याने नव्या पेशीही मरतात. धनुर्वाताच्या लसीची विचारणा डॉक्टरांकडे त्याच दिवशी करावी.

‘जखम उघडी ठेव, वारा लागू दे’ हा सल्ला आजही घरोघरी मिळतो. १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर पॉलिथीनचा पातळ पडदा लावून पाहिला. उघड्या जखमांपेक्षा झाकलेल्या, ओलसर जखमांवर कातडी सुमारे दुप्पट वेगाने आली. कोरड्या खपलीखाली पेशींना ओलावा शोधत खोलवरून सरकावं लागतं; ओलसर पृष्ठभागावर त्या सरळ पुढे जातात. म्हणून पातळ थर व्हॅसलिनचा आणि वर न चिकटणारं ड्रेसिंग, एवढं पुरेसं असतं. छातीभोवती घट्ट पट्टा मात्र बांधू नये. त्याने श्वास उथळ होतो.

छातीची अडचण अशी की ती दिवसाला वीसेक हजार वेळा हलते आणि तिच्यावरची जखमही प्रत्येक श्वासागणिक ताणली जाते. तीन आठवड्यांनी नव्या कातडीची ताकद मूळच्या सुमारे वीस टक्केच असते, म्हणून टाके निघाल्यावर लगेच पोती उचलू नयेत. छातीच्या मधल्या हाडावर याच ताणामुळे केलॉइड, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढणारा जाड, खाजरा व्रण जास्त होतो. तो नुसता कापून टाकला तर बहुधा परत येतो. सिलिकॉनची पट्टी आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं वेळेवर सुरू केली तर अधिक उपयोग होतो.